दहापैकी किती दमलास?

भरतीची जाहिरात निघाली की आमच्या महाड-पोलादपूरकडची सकाळ तासभर आधी उजाडते. एरवी पहाटे साडेपाचला हायवेवर दुधाचा टेम्पो आणि रातराणीतून उतरून डोळे चोळत उभा राहिलेला एखादा चाकरमानी, एवढीच वर्दळ. जाहिरात निघाली की रस्त्याच्या कडेकडेने पोरं-पोरी पळायला लागतात. मुंबई-गोवा रस्ता चौपदरी व्हायला इतकी वर्षं लागली की तो कशासाठी करताहेत हेच लोक विसरून गेले होते. त्याचा पहिला बिनतक्रार उपयोग या पोरांनी केला. पोलादपूर तालुक्यात सपाट जागा म्हणजे एक तर भाताचं खाचर, नाही तर हायवे, आणि खाचरात पळता येत नाही.

पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर धावणं असतं, महिलांना ८००. शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. सगळे मिळून ५० गुण, त्यांतले २० या लांबच्या धावण्याचे. पोरं याला नुसतं ‘ग्राउंड’ म्हणतात आणि १६०० मीटरला ‘सोळाशे’. सोळाशे पळत नाहीत, मारतात. तयारीची रीत ठरलेली. जाहिरात निघेपर्यंत काही करायचं नाही. निघाली की दुसऱ्या दिवसापासून रोज, मोबाइलचं घड्याळ लावून, जीव खाऊन सोळाशे मारायची. पहिला आठवडा वेळ भराभर कमी होते आणि घरात आनंद असतो. दुसऱ्या आठवड्यात ती अडते. तिसऱ्या आठवड्यात नडगी दुखायला लागते आणि कुणीतरी एरंडाचं पान गरम करून बांधायला सांगतं.

माझा एक भाचा यांतलाच. राहायला पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत, कामाला महाडच्या एमआयडीसीत तिन्ही पाळ्यांत, आणि मनाने मुंबईत, नायगावच्या पोलीस मैदानावर. मी गणित शिकवून निवृत्त झालो असल्यामुळे आमच्या घराण्यात कुणाचंही काही अडलं आणि त्यात एखादा आकडा दिसला की ते प्रकरण माझ्याकडे येतं. तसा तो आला.

“मामा, टायमिंग हलतच नाय. सहा-वीसला अडकलंय.”

“पळतोस कधी?”

“रोज.”

“रोज म्हणजे?”

“रोज म्हणजे रोज. रविवारी दोनदा. सुट्टी असते ना.”

आता किती पळला, हे त्याला मीटरमध्ये पाठ होतं. ते त्याला किती जड गेलं, हे कुणी विचारलं नव्हतं, त्याने स्वतःलाही नाही. खेळाच्या शास्त्रात या दोन गोष्टी वेगळ्या धरतात. बाहेरून दिसणारं काम, म्हणजे अंतर, वजन, फेऱ्या, जोर-बैठका, हा एक भार. आणि त्या कामाची शरीराने आत दिलेली किंमत हा दुसरा. पहिला सगळ्यांना सारखा असू शकतो, दुसरा कधीच नसतो.

हा आतला भार मोजायला विस्कॉन्सिनचे कार्ल फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती रूढ केली. त्यांचा २००१ चा लेख त्यासाठी ओळखला जातो. युक्ती इतकी साधी की तिच्यावर विश्वास बसायला वेळ लागतो. व्यायाम संपून अर्धा तास झाला की विचारायचं: एकूण किती जड गेलं? शून्य ते दहा. शून्य म्हणजे आराम, तीन म्हणजे बेताचं, पाच म्हणजे कठीण, सात म्हणजे फार कठीण, दहा म्हणजे यापुढे अंगात काही शिल्लक नाही. जो आकडा येईल त्याला मिनिटांनी गुणायचं. चाळीस मिनिटं आणि पाच, म्हणजे दोनशे. हा त्या दिवसाचा भार. अर्धा तास थांबायचं ते अशासाठी की पळून आल्या आल्या विचारलं तर माणूस शेवटच्या शंभर मीटरचा राग सगळ्या सकाळीवर काढतो.

याआधी स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांनी अशीच एक मोजपट्टी केली होती, पण ती सहापासून वीसपर्यंत. सहापासून सुरुवात पाहून माझ्यातला मास्तर अस्वस्थ झाला होता. मग कळलं की सांगितलेल्या आकड्यापुढे शून्य दिलं की तरुण माणसाच्या नाडीचा साधारण ठोका यावा, असा तो बेत होता. सहा म्हणजे साठ, निवांत बसलेला. वीस म्हणजे दोनशे, जीव जायची वेळ. माणसं नव्वद वर्षांची झाली की बेत बिघडतो, पण तेव्हा सोळाशेही मारायची नसते.

आमच्याकडे अडचण वेगळीच आली. आमच्या लोकांची मोजपट्टी दोनच आकड्यांची आहे. कसं गेलं, असं विचारलं की एक तर “काय नाय, बरं होतं,” नाही तर “मेलो.” मधलं काही नाही. भाच्याचा पहिला आठवडा सगळा ‘मेलो’त गेला. तालीम म्हणून मी त्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला विचारलं. ती नुकतीच डोंगरावरून लाकडाची मोळी घेऊन उतरली होती. मोळी भिंतीला टेकवून तिने घाम पुसला. म्हटलं, “ताई, दहापैकी किती दमलीस?” ती म्हणाली, “जास्त सांगितलं तर कुठली योजना लागू होती काय?”

या बाहेरच्या आणि आतल्या भाराची प्रयोगशाळा आमच्या भागात फार जुनी आहे. तिचं नाव रायगड. समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर, पायऱ्या दीड हजाराच्या आसपास. नेमका आकडा कुणाला विचारू नये. ज्या पायरीवर मोजणाऱ्याचा दम सुटतो तिथून पुढची मोजणी अंदाजाने झालेली असते. या पायऱ्या सगळ्यांना सारख्याच उंचीच्या. पाचाडची किंवा हिरकणीवाडीची एखादी मावशी ताकाचा हंडा, लिंबं, साखर असं सगळं घेऊन त्या चढते, वर जाऊन दुकान मांडते आणि तासाभराने महादरवाज्यापाशी आलेल्या मुंबईच्या पाहुण्याला म्हणते, “बसा दादा, ताक घ्या.” पाहुण्याच्या खांद्यावर पाण्याच्या बाटलीखेरीज काही नसतं. त्याच्या मनगटावर मात्र घड्याळ असतं आणि ते त्याला नाडी एकशे सत्तर झाल्याचं कळवत असतं. मावशीला हे घड्याळ बांधलं तर ते बहुधा विचारील, चालायला सुरुवात कधी करणार?

खरी गंमत उतरताना होते. चढताना दम लागतो म्हणून सगळे चढण्याला भितात. उतरताना छाती शांत असते, नाडी खाली येते, गप्पा सुरू होतात, आणि घड्याळ हा सगळा वेळ ‘हलका व्यायाम’ म्हणून नोंदवतं. मांड्यांचं मत तसं नसतं. प्रत्येक पायरीवर अख्खं अंग खाली येताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी तो आखडून ते वजन आवरून धरत असतो. असं ताणत ताणत केलेलं काम स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा करतं. त्याची कळ लगेच येत नाही. ती एक ते तीन दिवसांनी शिखरावर पोचते. म्हणून रविवारी गड उतरून “काहीच वाटलं नाही” असं सांगणारा माणूस मंगळवारी दादरच्या पुलावर कठडा धरून आडवा-आडवा उतरताना दिसतो. नाडी मोजणाऱ्या कुठल्याही यंत्राने हा भार पकडलेला नसतो.

पुढचा भाग मला अधिक आवडतो. तोच माणूस दोन-तीन आठवड्यांनी परत आला तर तितकं दुखत नाही. एकदा त्रास झालेला स्नायू पुढच्या वेळेसाठी स्वतःला मजबूत करून ठेवतो आणि ही तयारी कित्येक आठवडे टिकते. पण माणूस परत येत नाही. तो वर्षाने येतो, आणि तेव्हा रोपवेची चौकशी करतो. १९९६ पासून ती सोय आहे, चार-पाच मिनिटांत वर. मी रोपवेची चेष्टा करणार नाही. माझ्या गुडघ्यांना ती मान्य नाही.

हिरकणीची कथा या नजरेने पाहिली तर काही वेगळंच दिसतं. कोजागिरीला गडाचे दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हं बाळ, म्हणून ती गवळण रात्री कडा उतरून गेली, हे प्रत्येक पोराला ठाऊक. आपण धैर्याचं कौतुक करतो आणि ते रास्तच. पण ती रोज दुधाची चरवी घेऊन तो डोंगर चढत-उतरत होती, हा तपशील सांगणारे भराभर ओलांडून जातात. त्या रात्रीचा भार कुठल्याही तक्त्याबाहेरचा असेल, पण तो वर्षानुवर्षांच्या रोजच्या भारावर पडला होता. नुसत्या मायेने कडा उतरायचा तर सासरी गडावर दिलेल्या सगळ्याच बायका उतरल्या असत्या. दुसऱ्या दिवशी तिच्या मांड्या दुखल्या का, हे मात्र कुणी सांगत नाही. माझा अंदाज, आपल्यापेक्षा कमी.

सवयीच्या मानाने आजचं काम किती, हा प्रश्न टीव्हीमुळे आता घरोघरी पोचला आहे. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात बुमरा पाचांपैकी तीनच कसोटी खेळणार हे आधीच ठरलं, तेव्हा महाडच्या एसटी स्टँडसमोर चहा पिणारा प्रत्येक जण ‘वर्कलोड मॅनेजमेंट’वर बोलत होता. बहुतेकांचं मत विरोधात होतं. “आमच्या वेळचे दिवसभर टाकायचे,” असं म्हणणाऱ्याने स्वतः आयुष्यात टेनिसच्या चेंडूची चार षटकं टाकलेली होती. गोलंदाजांची ही काळजी उगीच आलेली नाही. ऑस्ट्रेलियात संशोधकांनी वेगवान गोलंदाजांचं आठवड्याचं काम आणि मागच्या चार आठवड्यांची सरासरी यांचं गुणोत्तर काढून दुखापतींशी ताडून पाहिलं. टिम गॅबेट यांनी २०१६ मध्ये हा विचार नीट मांडला: गुणोत्तर ०.८ ते १.३ असेल तर बरं, १.५ च्या वर गेलं तर जपा. जगभरच्या संघांनी ते आकडे भिंतीवर लावले.

मग टीकाकार आले, आणि गणिताचा माणूस म्हणून मला त्यांच्यातला एक आक्षेप फार गोड वाटला. चालू आठवडा अंशात आहे, आणि चार आठवड्यांच्या सरासरीत तोच पुन्हा छेदातही बसलेला आहे! आठवीच्या वर्गात मी यावर एक गुण कापला असता. शिवाय गुणोत्तर चांगलं असूनही माणसं जायबंदी होतात आणि वाईट असूनही सुखरूप राहतात, तेव्हा त्यावरून भविष्य सांगणं खरं नाही, असंही ते म्हणतात. मला ते पटतं. आकडा भिंतीवरून काढावा. पण सवय नसताना एकदम दुप्पट करू नये, एवढं त्यातून उरतं, आणि ते कळायला छेदाची गरज नाही.

लावणीच्या दिवसांत हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. जुलैत चार दिवसांची रजा काढून चाकरमानी गावी येतो. वर्षभर खुर्चीत बसलेला. पहिल्या दिवशी चिखलात उतरून तो असा वाकतो की आवणाचे आणि फोटोचे दोन्ही सोहळे एकदम होतात. दुसऱ्या दिवशी तो बांधावर बसून माणसांना सूचना करतो. तिसऱ्या दिवशी त्याला परतीच्या गाडीची आठवण होते. शेजारच्याच खाचरात वाकलेल्या बायका सात-आठ दिवस तशाच ओळीने मागे सरकत असतात. त्यांनी व्यायाम म्हणून काही केलेलं नसतं. पण कवळं तोडणं, राब भाजणं, पेर, चिखलणी असं काम उन्हाळ्यापासून पायरीपायरीने चढत आलेलं असतं.

इथे एक मोह होतो, आणि शहरातले लेखक त्याला बळी पडतात: बघा, आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं. तसं नाही. भार चढवायची रीत या शेतीत आहे, उतरवायची नाही. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या पोलादपूरच्या वाड्यांवर एप्रिल-मेत टँकर येतो आणि तो पोचत नाही तिथे हंडे डोक्यावर चढतात. त्या महिन्यांत शेतकामाची विश्रांती असायला हवी, ती अशी जाते. साठीच्या बायकांचे गुडघे आणि कंबर पाहिली की कळतं, त्यांच्या तक्त्यात शून्याचा दिवस कधी आलेलाच नाही. माझ्या बहिणीला मी दहापैकी विचारलं ते तिला थट्टेचं वाटलं, यात नवल नाही.

शून्याचा दिवस म्हटलं की भाचाही बिथरतो. “एक दिवस सोडला तर दम जातो, मामा.” ही श्रद्धा पक्की आहे. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ पोलादपूर तालुक्यातलंच, तेव्हा विश्रांती म्हणजे फितुरी असं इथल्या पोरांना जन्मतः वाटत असावं. मी त्याला कॅनडातल्या एरिक बॅनिस्टर यांचं १९७५ सालचं गणित सांगायला गेलो. व्यायाम केला की दोन गोष्टी एकदम वाढतात, थकवा आणि ताकद. थकवा मोठा असतो म्हणून आधी तोच दिसतो. पण तो लवकर उतरतो, ताकद सावकाश उतरते. भाच्याचे डोळे मिटायला लागले. मग म्हटलं, सावित्रीला पूर येतो तेव्हा काय होतं? पाणी एवढं की बाकी काही दिसत नाही. ते चार दिवसांत ओसरतं आणि गाळ राहतो. तू रोज पूर आणतोयस, गाळ बसायला वेळच देत नाहीस. महाडच्या माणसाला पुराचं काही समजावून सांगावं लागत नाही. तो म्हणाला, “मग बुधवारी नाय पळत.” गाळाची घाण काढायला किती दिवस लागतात, हे त्याने सौजन्याने काढलं नाही.

फॉस्टर यांच्या पद्धतीत आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे एकसुरीपणा मोजणं. आठवड्याच्या रोजच्या भाराची सरासरी घ्यायची आणि रोज-रोजच्या फरकाने, म्हणजे प्रमाण विचलनाने तिला भागायचं. भार मोठा आणि रोज तोच, अशी जोडी जमली की माणूस आजारी पडायचा संभव वाढतो, असं त्यांना खेळाडूंमध्ये आढळलं. भाच्याचे दिवस सारखेच होते. रविवार वगळता फरकच नाही, छेद शून्याकडे निघालेला. म्हणून तक्ता नवा केला. घड्याळ लावून सोळाशे आठवड्यातून एकदाच. एक दिवस चारशे-चारशेचे तुकडे, मध्ये दम खाऊन. दोन दिवस सावकाश, शेजारच्याशी बोलता येईल इतक्या वेगाने. बुधवारी काही नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात सगळंच कमी, कारण आठ तास उभं राहून आलेल्या पायांना ती मिनिटं तक्त्यात नाहीत हे माहीत नसतं.

सावकाश पळण्याला त्याने सर्वांत जास्त विरोध केला. हायवेवर सगळे बघतात. सावकाश पळणारा म्हणजे हरलेला. शेवटी तो तयार झाला, आणि ‘बोलता येईल इतक्या वेगाने’ ही सूचना त्याने शब्दशः घेतली. हल्ली सोमवारी आणि गुरुवारी तो कानात फोन लावून चाळीस मिनिटं कुणाशी तरी बोलत पळतो. कुणाशी, ते मी विचारलेलं नाही. आकडा तीन येतो आणि चेहरा शून्याचा असतो.

नडगी दुखायची थांबली. सोळाशे सहाच्या आत आली. पूर्ण वीस गुणांना लागणारी पाच-दहा अजून लांब आहे, पण त्याला आता तक्त्याचा नाद लागला आहे. गावच्या कबड्डीच्या सामन्यांतही तो खेळतो. तिथे घड्याळ काढून ठेवावं लागतं आणि अंतर मोजून तर काही कळतच नाही. तीस सेकंदांच्या चढाईत माणूस फार तर अंगणभर फिरतो, पण चौघांनी मिळून दाबलेलं असतं. फॉस्टर यांचा प्रश्न मात्र तिथेही चालतो. सामन्याच्या दिवशी वहीत आठ, कधी नऊ, आणि शेराच्या रकान्यात ‘कोपर’ किंवा ‘पंच’.

परवा मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी तो वही घेऊन आला. सोमवार ते शुक्रवार मिळून भार ६९०. उत्तम. त्याखाली शनिवार: ‘दादाची हळद. १८० मिनिटं × ८ = १४४०.’

“हळदीचे कशाला धरलेस?”

“तुम्हीच बोललात, जे अंगाला लागतं ते सगळं धरायचं.”

“आणि आठ?”

“पहिला तास पाच होते. मग बेंजोवाला सोडंना.”

मी गुणाकार पडताळून पाहिला. बरोबर होता. आठवड्याच्या दुपटीहून जास्त नाच एका रात्रीत झाला होता, तोही शेणाने सारवलेल्या अंगणात, अनवाणी, उड्या मारत, आणि प्रत्येक उडीनंतर खाली येताना मांड्यांनी वजन धरत. मी त्याला तीन दिवसांची सुट्टी लिहून दिली.

“पण आज लग्न हाय. संध्याकाळी वरात.”

मी बराच वेळ आकडे मांडले. “वरातीत जा. पण चाराच्या वर नाचायचं नाही.”

भाच्याने वही मिटली. “चाराने नाचलो तर भावकी विचारंल मामा, दादाशी भांडलायस काय म्हणून.”